प्रमिलाबाईला कोणी नाही म्हणत नाही

आमच्या ब्राह्मणपुरीत सर्व्हे आला की पहिला फोन प्रमिलाबाईला जातो. कुणाकडे संडास आहे, कुणाकडे गॅस आहे, कुणाचा मुलगा सुरतेला गेला, कुणाची मुलगी कितवीत आहे, सगळ्याचे सर्व्हे होतात आणि सगळ्यांना घरोघर फिरवायला आमची अंगणवाडी सेविकाच लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे गाव मला अजून मोठ्या बाई म्हणतं. माझं घर अंगणवाडीच्या समोर. ओट्यावर बसलं की हे सगळे पाहुणे फुकटात बघायला मिळतात. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता गावाचं भलं झाल्याशिवाय राहत नाही. माझ्याकडेही येतात. मी आधी त्यांनाच वय, पगार आणि लग्न झालं का ते विचारते. निम्मे तिथेच पळतात.

प्रमिलाबाईला असला फटकळपणा कधी जमला नाही. ती सारंगखेड्याजवळची, तापीकाठची. लग्न होऊन इथे आली तेव्हा नवऱ्याची, नवनीतची, पिठाची चक्की नुकतीच सुरू झाली होती. चक्कीच्या आवाजात नवनीतचे कान गेले. गावातली कुठलीही भानगड ज्याला शेवटपर्यंत कळत नाही असा तो एकच माणूस. बायकोला मात्र सगळं कळतं. गावातलं कॉलेजात जाणारं एकूण एक पोर तिच्या अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून मोठं झालंय. कुणाच्या सुनेला मूल राहत नाही, कुणाचा मुलगा दारू पितो, कुणाच्या सासूने सुनेचं औषध फेकून दिलं, हे ती जाणते आणि पोटात ठेवते. मी तिला खोदून खोदून विचारलंय. "बाई, तुम्हीन च्या प्या," म्हणते आणि विषय बदलते. मला राग येतो, पण तिच्यावर विश्वास टाकावासा वाटतो तो त्याच्यामुळेच.

आणि आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा ज्याच्या सोबत येतो त्याचाच धरला जातो. त्याला परत पाठवलं तर आणणाऱ्याचं तोंड पाडल्यासारखं होतं. प्रमिलाबाई परसदाराने आत शिरते, "मी उनू वं," अशी हाक देते, पुढच्या खोलीतून खाट बाहेर येते, चहाचं आधण चढतं आणि सर्व्हेवाल्यांना हवी ती उत्तरं मिळतात. त्यांना वाटतं गाव मोकळं आहे. गाव मोकळंबिकळं काही नाही. गाव प्रमिलाबाईला नाही म्हणू शकत नाही, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात नूतन आली. पुण्याकडच्या एका संस्थेची संशोधक, तिशीच्या आतली, काटकुळी, उन्हाने नाक सोललेलं. मुलींचं शिक्षण मध्येच का तुटतं, असा तिचा अभ्यास होता. मी तिलाही नेहमीचे प्रश्न विचारले, तर तिने वय, पगार सगळं सरळ सांगितलं, लग्न मोडल्याचंही सांगितलं आणि मग म्हणाली, "बाई, आता माझी पाळी?" पोरगी मला आवडली. राहायला मी तिला माझीच माडी दिली.

नूतन काम चोख करायची. प्रत्येक घरात आधी संमतीचा कागद वाचून दाखवायची. अभ्यास कशाचा, माहिती कुठे वापरणार, नाव कुठे येणार नाही, उत्तर द्यायची सक्ती नाही, नंतर मन बदललं तर कधीही माघार घेता येईल. सावकाश, एकेक वाक्य. बायका तोवर दुधाकडे बघत.

प्रेमचंद पाटलांच्या घरीही तिने तसंच वाचलं. प्रेमचंद म्हणजे बागायतदार माणूस, केळी आणि ऊस. सारंगखेड्याच्या यात्रेतून एक पांढरी घोडी घेऊन आला आणि तेव्हापासून गाव त्याला घोडीवाला म्हणतं. घरात गुजरी बोलतात, बाहेर अहिराणी. त्याची बायको रुक्मिणीबाई प्रमिलाची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचं लग्न एकाच उन्हाळ्यातलं. नूतन कागद वाचत होती तर रुक्मिणीबाई हसून म्हणाली, "काय वाची ऱ्हायनी ताई? प्रमिला तुम्हनासंगे शे ना? मंग झायं." आणि सही केली.

पहिले प्रश्न सोपे होते. शेती किती, मुलं किती, कोण काय शिकलं. मग नूतनने विचारलं, की तुमच्या मयूरीची शाळा मध्ये दोन वर्षं बंद होती, ती कशामुळे?

रुक्मिणीबाईने प्रमिलाकडे बघितलं. आता या बघण्याचा अर्थ नूतनला कसा कळणार? गावाला ठाऊक होतं की मामाच्या गावी शिकताना मयूरीला कावीळ झाली आणि ती धरून बसली, म्हणून शाळा सुटली. खरं प्रमिलाला माहीत होतं. मयूरीला फिट येत होत्या. मामाकडे वर्गात दोनदा पडली. घरच्यांनी आधी देवाधर्माचं केलं, मग प्रमिलानेच हट्ट धरून त्यांना धुळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. प्रेमचंद तर पोरीला परत शाळेत पाठवायलाच तयार नव्हता, चारचौघांत पडली तर काय, म्हणून. गोळ्या लागू पडल्या, फिट थांबल्या, पोरगी पुन्हा शिकायला लागली आणि आज शहाद्याला कॉलेजात आहे. हे सगळं त्या घराने आणि प्रमिलाने इतकी वर्षं दाबून ठेवलं. मयूरीचा स्वतःचाच तसा आग्रह होता. गोळी घेतानासुद्धा ती आडोशाला जाते.

प्रमिलाने नजर खाली केली. माझ्याकडे येऊन नंतर ती शंभरदा म्हणाली असेल, की मला फक्त त्या बघण्याचा भार सोसला नाही. रुक्मिणीबाईला वाटलं, सांग म्हणतेय. आणि तिने सांगितलं. एकदा बांध फुटल्यावर मग काही राहिलं नाही. ती रडली, पदराने डोळे पुसत हसली, परत रडली. नूतनने पेन बाजूला ठेवून तिचा हात धरला होता. निघताना रुक्मिणीबाई म्हणाली, "आज माले हलकं वाटनं वं." खोटं नव्हतं ते. मलाही पटतं, की बोलून तिचं भलंच झालं. मयूरी त्या वेळी कॉलेजात होती.

दिवाळीनंतर नूतन परत आली. संशोधक लोक माहिती घेऊन जातात आणि गावाला पुढे काय झालं ते कधी कळत नाही, अशी माझी जुनी तक्रार. या पोरीचं वेगळं होतं. तिने आणि तिच्या सरांनी ठरवलं होतं, की अहवाल छापायच्या आधी निष्कर्ष गावात येऊन गावालाच सांगायचे. शाळेच्या पटांगणात पडदा लावायचा, सगळ्यांना बोलवायचं. सर दुसऱ्या दिवशी येणार होते. नूतन आदल्या दुपारी आली, माझ्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि प्रमिलाला म्हणाली, "ताई, भाषा गावाला समजेल ना, तेवढं बघा."

प्रमिला चष्मा लावून बघायला लागली. आलेख आले, टक्के आले, आम्ही माना डोलावल्या. मग एक गोष्ट आली. 'गीता (नाव बदलले आहे). वडील बागायतदार. दारात घोडी पाळण्याइतकी ऐपत असूनही गीताचे शिक्षण दोन वर्षे थांबले...' पुढे सगळं. फिट, देवधर्म, धुळे, वडिलांची भीती. सोबत सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या कुठल्यातरी मुलीचं चित्र.

प्रमिलाचा हात लॅपटॉपवरच थांबला. "ताई, हाई ते मयूरी शे," ती म्हणाली.

"नाव बदललंय ना," नूतन म्हणाली. ती सहज म्हणाली, आणि का म्हणू नये? पुण्यात नाव बदललं की माणूस हरवतो. आमच्याकडे नावाने ओळखतं कोण! चक्कीवाला, घोडीवाला, दोन निंबवाला. माझंच खरं नाव निर्मला आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना माझ्या निवृत्तीच्या हारावर वाचून कळलं. नूतनने आमचे चेहरे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. पण ती अडून बसली नाही. स्वतःच म्हणाली, "कुणाला तरी वाचून दाखवू. फक्त पहिली दोन वाक्यं."

शेजारच्या ओट्यावर गजराबाई दादर निवडत बसली होती. वय झालेलं, डोळ्यांना अंधुक दिसतं, ज्वारीतले खडे बोटांनी शोधते. प्रमिलाने तिला वाचून दाखवलं. वडील बागायतदार, दारात घोडी, मुलीचं नाव गीता. "मावशी, कोनी पोर व्हई हाई?"

गजराबाईने सूप खाली ठेवलंसुद्धा नाही. "घोडीवाला प्रेमचंदनी. पन तिनं नाव ते मयूरी शे ना? गीता कोनी ठी दिन्हं?"

मला हसू आलं आणि हसू आल्याची लाज वाटली. नूतन मात्र पटापट कामाला लागली. तिने घोडी काढली. मग प्रमिला म्हणाली, मामाच्या गावी शिकत होती म्हटल्यावर कळेल. मामा काढला. धुळं काढलं. केळी आणि ऊस काढला. दोन वर्षं काढली. काढता काढता शेवटी एक मुलगी आणि तिचा आजार एवढंच उरलं. "आता?" नूतनने विचारलं. "आता," मी म्हटलं, "अख्खं गाव अंदाज करत बसेल की कुणाची, आणि ज्या ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या त्या घरावर बोट जाईल." कावीळ म्हणून जिची शाळा सुटली होती तिच्यावर सगळ्यात आधी.

नूतनने सरांना स्पीकरवर फोन लावला. सर काही राक्षस नव्हते. फोनवरून गोड बोलले. पण म्हणाले, की हीच गोष्ट अभ्यासाचा जीव आहे. पैसा नाही म्हणून मुली घरी बसतात असं सगळे म्हणतात, इथे पैसा होता आणि भीतीने शाळा थांबवली. असं कुणी लिहिलेलं नाही. ही गोष्ट वाचून दुसऱ्या दहा मुलींचे बाप डॉक्टरकडे जातील. शिवाय आईची संमती आहे, सही आहे, संस्थेच्या समितीने सगळं तपासलंय. गावात दाखवू नका हवं तर, अहवालात राहू द्या. नूतन म्हणाली, "सर, अहवाल ग्रामपंचायतीलाही जाणार आहे." सर म्हणाले, बघू.

प्रमिला इतका वेळ ऐकत होती. ती फोनकडे वाकली आणि तिला येत होत्या तितक्या शुद्ध मराठीत म्हणाली, "सर, आईने सांगितलं. पण आजार तर मुलीचा आहे. तिला कुणी विचारलं का?"

मग सर म्हणाले, की मुलगी आता सज्ञान आहे, तेव्हा तिने स्वतः नको म्हटलं तर प्रश्नच मिटला. पण तिचं म्हणणं तिचंच हवं. तुम्ही ठरवू नका.

फोन ठेवल्यावर मी प्रमिलाला स्पष्ट सांगितलं, की त्या पोरीला यात ओढू नकोस. आईने सगळं ओकलं हे तिला कळलं, तर घरात भडका उडेल. रुक्मिणी तुझं तोंड बघणार नाही. त्यापेक्षा नूतनच्या मागे लागू, सरांच्या हातापाया पडू, कसंही करून काढून घेऊ, मयूरीच्या कानावर काही जाऊ नये. मी मास्तरीण आहे, गोष्टी गुपचूप मिटवण्यात माझं आयुष्य गेलं. मला हे अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

प्रमिला पदराला गाठ मारत आणि सोडत बसली होती. "बाई," ती म्हणाली, "एक डाव तिले न इचारता सांगं. आते तिले न इचारता लपाडू का? ते तिनं शे." आणि उठली. चपला उलट्या घातल्या होत्या.

पुढचं मला प्रमिलाने सांगितलं. मयूरी कॉलेजच्या बसने नुकतीच आली होती, अंगणात तोंड धूत होती. रुक्मिणीबाई चुलीपाशी, प्रेमचंद खाटेवर. प्रमिलाने आडवळण घेतलं नाही. उन्हाळ्यात काय झालं, काय लिहिलंय, उद्या काय होणार आहे, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मयूरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"माय, तू सांगं?" तिने आईला विचारलं.

"प्रमिला व्हती ना वं," रुक्मिणीबाई म्हणाली. "मी काय परकासले सांगं का? मी ते प्रमिलाना फुढे बोलनू."

मग मयूरी प्रमिलाकडे वळली. तान्ही असल्यापासून जिच्या मांडीवर खेळली त्या बाईकडे. "मावशी, तुम्हीन तठेच व्हतात. आनि चूप बठनात?"

"हाव," प्रमिला म्हणाली.

ती फक्त हाव म्हणाली. मी असते तर दहा कारणं दिली असती, की मला बोलायला वेळच मिळाला नाही, तुझ्या आईनेच बघितलं, मला वाटलं ती टाळेल. प्रमिलाने एकही दिलं नाही. प्रेमचंद तोवर उठून ओरडायला लागला होता. सरपंचाला फोन लावतो, त्या पुणेवाल्यांची गाडी गावात शिरू देत नाही, प्रमिलाने घर बुडवलं. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून रडत होती. मयूरीने बापाच्या हातातून फोन काढून घेतला. "आप्पा, तुम्हीन बठा. फिट माले उन्ही, तुमले नही," ती म्हणाली. मग प्रमिलाला म्हणाली, "चला. काय लिखेल शे ते माले दखाडा."

दिवेलागणीच्या सुमाराला दोघी माझ्याकडे आल्या. नूतन उभी राहिली. तिने काही प्रस्तावना केली नाही. आधी काढून टाकलेला सगळा मजकूर, घोडीसकट, जसा होता तसा परत आणला आणि लॅपटॉप मयूरीपुढे सरकवला.

मयूरीने सगळं वाचलं. मध्ये एका जागी थांबली आणि तेच वाक्य परत वाचायला लागली. मी मागून वाकून बघितलं. तिथे रुक्मिणीबाईचं वाक्य होतं, की त्या दोन वर्षांत मी एकदाही पलंगावर झोपले नाही, पोरीला झोप लागली की दार लावून तिच्या पायाशी जमिनीवर झोपले आणि ती जागी व्हायच्या आत उठले, तिचा पाय हलला तर मला कळावं म्हणून. "हे मला माहीत नव्हतं," मयूरी म्हणाली. "मला वाटायचं आईला माझी लाज वाटते, म्हणून ती माझ्या खोलीचं दार लावून घेते." मग ती रडली. प्रमिलाही रडली. मी आत जाऊन पाणी आणलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

डोळे पुसून मयूरी नूतनला म्हणाली, "चांगलं लिहिलंय तुम्ही. एक शब्द खोटा नाही."

नूतनच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मलाही वाटलं, आता पोरगी म्हणेल की राहू द्या.

"पण काढा," मयूरी म्हणाली.

नूतन हळूच म्हणाली, की तुझ्यासारख्या दुसऱ्या मुलींना याचा उपयोग होईल. मयूरी म्हणाली, "होईल, ताई. पण त्या मुलींना सांगायचंच असेल तर मी सांगेन. मला वाटेल तेव्हा, मला वाटेल तिला. उद्या बसमध्ये चढले आणि सगळ्यांनी मला बसायला जागा दिली, तर मी काय करू? मला उभं राहून जायचंय." मग जरा थांबून तिने विचारलं, "नाही म्हणायला कारण द्यावं लागतं का?"

नूतनने मान हलवली. "नाही लागत," ती म्हणाली. "तू दिलंस तेही मी लिहिणार नाही." आणि तिने मयूरीच्या डोळ्यांदेखत ते पान काढलं. अहवालाच्या मसुद्यातून काढलं, मूळ मुलाखत होती तीही काढली. त्यानंतर सरांना फोन करून ताठ आवाजात म्हणाली, "सर, तिने नाही म्हटलंय, मी काढलंय." सर बरंच काही बोलत असावेत. नूतन नुसतं "हो सर, तरीही सर" म्हणत राहिली. अभ्यासाचा जीव गेला होता, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिच्या दोन वर्षांच्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट गेली होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी तिला तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम अगदी सपक झाला. पडद्यावर टक्के आले, लोकांनी बिस्किटं खाल्ली, पोरांनी प्रकाशात हाताचे कुत्रे केले. शेवटी चर्चा सकाळच्या बसच्या वेळेवर गेली आणि तिथेच तापली. काय टळलं ते गावाला कळलं नाही, कधी कळणारही नाही. गावाचं नाव आणि या माणसांची नावं मी इथे बदलली आहेत असं समजा. घोडीही बदलली आहे असं समजा. मयूरीने हे लिहायला मला हो म्हटलं आहे, आधी वाचून, आणि दोन ठिकाणी काट मारून.

पण प्रमिलाला त्या संध्याकाळची किंमत मोजावी लागली. रुक्मिणीबाई तिच्याशी बोलेना. दळण घेऊन यायची ती थेट शहाद्याहून आटा आणायला लागली. पाणवठ्यावर समोर आली तर पदर पुढे ओढायची. हा राग आहे की लाज, मला अजून समजलेलं नाही. प्रमिला वाळली. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मध्येच डाव हातात धरून उभी राहायची. मी चिडून एकदा म्हटलं, "त्या रुक्मिणीला मी जाऊन चार शब्द सुनावते." तर म्हणाली, "नका, बाई. तिनं घर शे. दार तिले लावनं शे ते लावू द्या."

मग होळीच्या सुमाराला आरोग्याचा नवा सर्व्हे आला. एक मुलगा आणि एक मुलगी, हातात टॅब. नेहमीप्रमाणे फोन प्रमिलाला. तिने या वेळी नवीनच प्रकार सुरू केला. परसदाराने शिरायचं बंद. पुढच्या दाराशी उभं राहून ती आधी स्वतः बोलायची: "या लोकेस्ले मी लई उनू. पन तुम्हीन नही म्हनात तरी माले राग येवाव नही. मन्हं काही बिघडाव नही." यांना मी आणलंय खरं, पण खुशाल नाही म्हणा, असं. आणि मग अंगणाच्या बाहेर जाऊन पाठ फिरवून उभी राहायची, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघून कुणी हो म्हणायला नको.

लोकांना वाटलं हिला ऊन लागलं. "अवं प्रमिला, तुले काय व्हयनं? बठ, च्या ले," म्हणत लोक तिला ओढून आत नेत आणि सगळी उत्तरं देत. सकाळपासून एकाही घराने नाही म्हटलं नाही. गजराबाईने तर न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं दिली. दुपारी प्रमिला माझ्या ओट्यावर येऊन कपाळाला हात लावून बसली. "बाई, कोनीच नही म्हनत नही वं," ती म्हणाली, आणि मला हसू आवरेना.

तिसऱ्या प्रहरी ती सर्व्हेवाल्यांना घेऊन घोडीवाल्याच्या गल्लीत गेली. त्या घराचं दार बंद होतं. आवाज ऐकून मयूरी बाहेर आली. प्रमिलाने आपलं ठरलेलं बोलून घेतलं आणि अंगणाबाहेर जाऊन पाठ केली.

मयूरीने त्या मुलामुलीला विचारलं, काय विचारणार, कुठे लिहिणार, कोण वाचणार. त्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं, "मी नाही म्हटलं तर मावशींचं काही नुकसान?"

"नाही," ती मुलगी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"मग नाही," मयूरी म्हणाली.

तो मुलगा गडबडला. त्याने सवयीने प्रमिलाकडे बघितलं. सगळेच बघतात तसं, की ताई, तुम्ही जरा सांगून बघा ना. प्रमिला वळली. या वेळी तिने नजर खाली केली नाही. "ती नही म्हननी ना," ती त्याला म्हणाली, "चला, फुढला घरले."

ती माझ्याकडे धावतच आली, सर्व्हेवाल्यांना वाटेतच कुठल्यातरी खाटेवर बसवून. तोंडावर पाणी ओघळत होतं आणि हसत होती. मला आधी कळेचना काय झालं. दोन्ही हातांनी माझे दंड धरून, कुणाच्या घरी मूल झाल्याची बातमी द्यावी तशी ती म्हणाली, "बाई, माले नही म्हनं! मयूरीनी माले तोंडवर नही म्हनं!"

तेवढ्यात तिच्या मागून गल्लीतून रुक्मिणीबाई येताना दिसली. डोक्यावर पदर, चालीत घाई आणि संकोच दोन्ही. दाराआडून तिने सगळं ऐकलं असणार. ओट्याच्या खाली उभी राहिली, माझ्याकडे बघितलंही नाही. "प्रमिला," ती म्हणाली, "त्या लोकेस्ले जाऊ दे. तू घर ये. तुले एकलीले बलावं मी."

पायरी उतरताना प्रमिलाचा तोल गेला, आणि रुक्मिणीबाईने तिला सावरलं.